उत्प्रेरक, द्रावक आणि एस्टर

प्रश्न असा आला आहे: एका मजकुरात एथिल अ‍ॅसिटेटला एका जागी ‘एस्टर’ आणि पुढे ‘द्रावक’ म्हटलंय, तर सल्फ्युरिक आम्लाला ‘उत्प्रेरक’. यातलं नेमकं काय खरं? शिवाय उत्प्रेरक हा शब्द नीट घडवलेला आहे का, आणि एस्टरला मराठी शब्द का नाही?

मजकूर बरोबर आहे. घोळ होतो तो हे तिन्ही शब्द एकाच जातीचे धरल्यामुळे. द्रावक आणि उत्प्रेरक ही कामावरून पडलेली नावं आहेत. लेखक, गायक, पाठक यांतला ‘-अक’ तोच यांच्यातही आहे: विरघळवतो तो द्रावक, चालना देतो तो उत्प्रेरक. एस्टर मात्र कुळाचं नाव आहे, रेणूच्या घडणीवरून ठरणारं: आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनणाऱ्या संयुगांचं कुळ. एखादी बाई कुणाची बहीण असते आणि शाळेत शिक्षिकाही असते, तसंच एथिल अ‍ॅसिटेट कुळाने एस्टर आणि कामाने द्रावक. नखांचा रंग पुसायच्या अनेक बाटल्यांत तेच असतं. सल्फ्युरिक आम्लही सदासर्वदा उत्प्रेरक नसतं. गाडीच्या बॅटरीत त्याचं काम अगदी वेगळं.

शाळेतला प्रयोग आठवून पाहा. परीक्षानळीत थोडं अ‍ॅसेटिक आम्ल, तेवढंच इथेनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब. नळी गरम पाण्यात धरायची आणि मग आतलं मिश्रण खायच्या सोड्याच्या पाण्यात ओतायचं. फसफस ओसरली की व्हिनेगरचा उग्रपणा जातो आणि पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. ते थेंब नसते तर हीच अभिक्रिया फार रखडली असती. पण आम्ल आणि अल्कोहोलचे रेणू सारख्या संख्येने घेतले, तर साधारण दोन तृतीयांशांचंच एस्टर होतं, आणि उत्प्रेरक तो वाटा वाढवत नाही, तिथवर लवकर नेतो एवढंच. (सल्फ्युरिक आम्ल भरपूर ओतलं तर वाटा वाढतो, कारण एस्टरसोबत तयार होणारं पाणी ते शोषून घेतं. ते काम उत्प्रेरकाचं नव्हे.)

आता शब्दाची घडण. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1835 साली या क्रियेला ‘कॅटॅलिसिस’ हे नाव सुचवलं, त्यात ग्रीक ‘काटा’ म्हणजे खाली आणि ‘ल्युसिस’ म्हणजे सुटणं, मोकळं होणं. आपण घेतला ‘उत्’, म्हणजे वर, आणि जोडीला ‘प्रेरक’. दिशाच उलटी! मला उत्प्रेरक आवडतो, पण त्यातून ढकलण्याचा भास होतो हे खरं. प्रत्यक्षात उत्प्रेरक ढकलत नाही. डोंगर चढून पलीकडे जायचं होतं तिथे तो खिंड दाखवतो, म्हणजे कमी ऊर्जेची वाट. पाठ्यपुस्तकातलं ‘उत्प्रेरकाच्या सान्निध्यात’ हे म्हणूनच मला फार नेमकं वाटतं: तो तिथे असतो, पण शेवटी खर्ची पडलेला नसतो. वर्तमानपत्री ‘दंगलीला अफवा उत्प्रेरक ठरली’ हे चालेल, धग आधीच असेल तर. अफवेनेच दंगल पेटली असेल, तर सरळ ‘कारण’ लिहावं.

विरजणाला उत्प्रेरक म्हणू नये. त्यातले जिवाणू जिवंत असतात, वाढतात. उत्प्रेरक म्हणायचंच तर त्या जिवाणूंमधल्या विकरांना (एन्झाइमांना) म्हणावं.

एस्टर हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्मेलिनने 1848 मध्ये जर्मन ‘एसिग-एटर’वरून, म्हणजे व्हिनेगरचा ईथर यावरून केलं, आणि एसिग-एटर म्हणजे आपलं एथिल अ‍ॅसिटेटच. इतक्या आखूड, मराठीत सहज चालणाऱ्या शब्दाला संस्कृत पर्याय शोधण्यात मला अर्थ दिसत नाही. एस्टरचा, एस्टरपासून, एस्टरीकरण, सगळं विनासायास होतं. तेव्हा मजकुरात एकदाच लिहा: ‘एथिल अ‍ॅसिटेट हे एस्टर द्रावक म्हणून वापरतात, ते तयार करताना सल्फ्युरिक आम्ल उत्प्रेरक असतं.’