तळमळ असूनही खरेदी का होत नाही?

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात पर्यावरणाविषयी तळमळीने बोलणारी मंडळी पुष्कळ आहेत, खरेदीच्या वेळी मात्र त्यांतील थोडीच पर्यावरणपूरक वस्तू घेतात. अशा जागरूक ग्राहकाचे मन नेमके कशाने वळते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नुसती तळमळ पुरत नाही. ही वस्तू खरोखरच निसर्गाला कमी बाधते का आणि आपण एकट्याने घेऊन काही फरक पडेल का, या दोन शंका फिटल्याशिवाय जादा पैसे मोजायला हात धजत नाही.

विजेच्या उपकरणांवरील तारांकन २००६ साली सुरू झाले. आज फ्रिज घेताना लोक तारे मोजतात, कारण वर्षाला किती युनिट लागतील हा आकडा तिथेच छापलेला असतो आणि बचत घरच्या बिलात उतरते. पर्यावरणपूरक वस्तूंसाठीचे, मातीच्या घड्याचे चित्र असलेले ‘इकोमार्क’ हे सरकारी चिन्ह १९९१ पासून आहे. ते पाहून साबण निवडणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही.

शाडूच्या गणेशमूर्तीत तर पैशांची बचत नाहीच. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीहून ती बहुधा महाग पडते, जड असते आणि फार जपावी लागते. तरीही ती आवर्जून आणणाऱ्या कुटुंबांशी बोलताना, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी पाहिलेल्या भंगलेल्या मूर्तींचा विषय हमखास निघतो. घरच्या बादलीत शाडू विरघळतो, तळाला गाळ बसतो आणि तो कुंडीत घालता येतो. आपल्या खरेदीचा परिणाम असा डोळ्यांदेखत घडला की दुसरी शंका उरत नाही. शेजाऱ्यांकडे तशी मूर्ती दिसणे किंवा मुलाने शाळेत शाडूचा गणपती घडवून घरी हट्ट धरणे, याचे वजन कोणत्याही जाहिरातीहून अधिक असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

विश्वास सर्वांत जास्त खचतो तो वेष्टनावरच्या पोकळ ‘नैसर्गिक’, ‘हरित’ अशा शब्दांनी, कारण एकदा फसलेला ग्राहक पुढे प्रामाणिक वस्तूकडेही संशयाने पाहतो. अशा दाव्यांना पुरावा हवा, असे केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा दुकानदाराला आधार विचारायला संकोचू नये.

आपल्या संकुलापुरते सांगायचे, तर शाडूच्या मूर्तींची एकत्रित मागणी आषाढातच नोंदवावी. ऐन गणपतीत ‘शाडूच्या संपल्या’ हे उत्तर ऐकून इच्छा असलेली माणसेही मिळेल ती मूर्ती घेऊन परततात.