काळ्या कोटिंगच्या आत काय आहे?

प्रश्न : ओळखीतल्या एका घरची 1974 ची प्रीमियर पद्मिनी विकायला निघाली आहे. गाडी पहिल्यापासून सांगलीतच, एकाच घरात. मालक म्हणतात, "खालून पूर्ण अंडरकोटिंग केलंय, पत्र्याची काळजीच नको," आणि किंमतही त्या हिशेबाने चढी सांगतात. माझे मेहुणे म्हणतात, कोटिंग मारलेली जुनी गाडी डोळे झाकून नाकारावी. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दोघांचंही पूर्ण ऐकू नका. अंडरकोटिंग म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या तळाला मारलेला काळा थर. तो आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका आणि कोटिंग आहे म्हणून गाडी सोडूनही देऊ नका. ते कधी मारलं आणि कशावर मारलं, एवढंच शोधून काढा. गाडी नवी असताना कोरड्या, चांगल्या पत्र्यावर मारलेल्या कोटिंगने गाड्या वाचलेल्या मी साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजात पाहिल्या आहेत. विकायला काढताना गंजावर आणि ठिगळांवर मारलेलं कोटिंगही पाहिलंय. खाली वाकून बघितलं तर दोन्ही सारखीच काळी दिसतात.

पद्मिनीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिला जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे सिल, चाकांवरच्या कमानी हाच तिचा सांगाडा. जीपचा फ्लोअर कुजला तर तो कापून नवा घालता येतो, चॅसी शाबूत असते. पद्मिनीचे सिल कुजले तर गाडी मधोमध बसायला लागते. म्हणून खाली बघण्याआधी चारही दारं उघडून लावून बघा. दार उचलून लावावं लागत असेल किंवा वरची आणि खालची फट सारखी नसेल, तर आधी बिजागरी तपासा. बिजागरी घट्ट असेल तर दोष सिलमध्ये शोधा.

आता कोटिंगचं. जुन्या गाड्यांना बहुतेक डांबरी कोटिंग असतं. नवं असताना ते चिवट असतं, पण वर्षं गेली की सुकून ठिसूळ होतं, बारीक भेगा पडतात आणि काही ठिकाणी पत्र्यापासून सुटतं. भेगेतून पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. उघडा पत्रा पावसानंतर वाळतो तरी, हा वाळत नाही. वरचा काळा थर अखंड आणि आत पत्र्याचे पापुद्रे, असं होतं ते यामुळे. शिवाय सिल आतून पोकळ. तिथला गंज आतून बाहेर येतो, त्याला बाहेरचं कोटिंग काय अडवणार? उलट कोटिंग मारणाऱ्याने घाईत सिलची आणि दारांची पाणी जायची भोकं बुजवली असतील, तर आत पाणी साठतं. ती भोकं बोटाने चाचपून बघा.

सांगलीची गाडी म्हटल्यावर मी पहिला प्रश्न विचारेन तो ऑगस्ट 2019 चा. त्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हा ही गाडी कुठे उभी होती? जुलै 2021 ला पुन्हा पूर आला, तेव्हा कुठे होती? मालक भले माणूस असतील, पण शब्दावर राहू नका. सीट काढा, खालचा गालिचा उचला, सिलच्या भोकातून बारीक तार घालून फिरवा. तारेबरोबर पिठासारखी मऊ सुकी माती आली, तर ती कृष्णेची. कोटिंग पुराच्या आधीचं की नंतरचं, हे बिलावरून कळेल. बिल नसेल तर अंगठ्याचं नख दाबा. मऊ लागलं, वास आला, तर अलीकडचं. एक्झॉस्टच्या पाइपवर, ब्रेकच्या नळीवर, बोल्टांवर, रबरी बुशांवर सगळीकडे फवारा उडालेला दिसला, तर ते काम गाडीसाठी झालेलं नाही, गिऱ्हाइकासाठी झालंय.

यानंतर मालकांची परवानगी घेऊन चार ठिकाणी कोटिंग खरवडा : मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे हँगर, म्हणजे त्या तळाला जिथे अडकवलेल्या असतात ती जागा, सिलचा मागचा कोपरा, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर आणि डिकीत स्टेपनीखालची जागा. हीट गनने जरा कोमट करून बोथट पट्टीने काढायचं, उरलेलं रॉकेलच्या फडक्याने पुसायचं. रॉकेल वापरताना हीट गन बंद आणि लांब. गॅसची ज्योत अजिबात नको, पेट्रोलची नळी तिथूनच जाते. ग्राइंडरही नको, डांबर वितळून सगळीकडे माखतं. पत्रा दिसला की जोड बघा. कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके एका ओळीत असतात, गॅरेजचं ठिगळ ओबडधोबड शिवणीसारखं दिसतं. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोका. खणखणीत वाजलं पाहिजे.

गाडी 50 वर्षं ओलांडलेली असल्याने तुम्ही व्हिंटेज नोंदणीचा विचार करत असाल. 2021 च्या केंद्राच्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार नको, अशी अट आहे. तेव्हा काळ्या थराखाली मूळ पत्रा किती उरलाय, यावरच या गाडीचं मोल आहे. मला विचाराल तर खालून कंपनीचा विटलेला रंग आणि थोडा वरवरचा तांबूस गंज उघड दिसणारी गाडी मी काळ्या चकचकीत तळाच्या गाडीपेक्षा आधी घेईन.

खरवडू देत नसतील तर फ्लोअर आणि सिल बदलायचेच आहेत असं धरून तेवढे पैसे किंमतीतून वजा करा. मालक त्याला तयार नसतील तर नमस्कार करून निघा. पद्मिनी 2000 सालाच्या आसपासपर्यंत बनत होती, दुसरी मिळेल. माण-खटावकडची कोरड्या हवेतली मिळाली तर उत्तमच.

प्रश्न : माझ्या ॲम्बॅसॅडरचा तळ चांगला आहे. नवं कोटिंग मारून घेऊ का?
— एक वाचक, कराड

उत्तर : सगळीकडे जाड थर नको. उसाच्या रस्त्यांवर खडे आणि चिखल उडतो तो चाकांच्या कमानींत, तेवढ्या जागी रबरी कोटिंगचा पातळ हात पुरे, तोही आधी इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारं अस्तर) मारून. सिलच्या पोकळीत मेणाचं अँटी-रस्ट फवारून घ्या, ते मऊ राहतं आणि सांध्यांत झिरपतं. काम पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरनंतर काढा. गाडी धुतल्यावर दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या. आणि फवारणी झाली की सगळी भोकं तारेने पुन्हा मोकळी करून घ्या, कारागिरासमोरच.