स्पोर्ट्‌स कारचे टायर : सर्व्हिस सेंटर की बाहेरचा टायरवाला?

गेल्या काही आठवड्यांत टायरबद्दल आलेल्या पत्रांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत. सगळ्यांचा रोख एकच आहे, पण गाडी आणि गाव बदललं की उत्तरही बदलतं.

प्रश्न (पुणे) : पोर्शे ७१८ केमन एस, २० इंची चाकं. मागच्या दोन्ही टायरची आतली कड पार घासली आहे. सर्व्हिस सेंटरने एन खुणेच्या, म्हणजे पोर्शेने मंजूर केलेल्या टायरचं कोटेशन दिलं. बाहेरचा दुकानदार म्हणतो, त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच मापाचा टायर बराच स्वस्तात देतो, फक्त खूण नाही. गाडी अजून वॉरंटीत आहे. कुणाचं ऐकावं?

उत्तर : ती खूण सोडून देण्यासारखी नाही. नाव एकच असलं तरी एन खुणेचा टायर आणि बिनखुणेचा टायर आतून वेगळे असू शकतात. रबराचं मिश्रण, आतल्या धाग्यांची बांधणी, साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) ताठपणा, यांत फरक असतो. पोर्शे एखादा टायर आपल्या गाडीवर तपासून मंजूर करते तेव्हा त्यावर एन ० येतं. त्याचीच सुधारित आवृत्ती मंजूर झाली की एन १, मग एन २. बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचं एमओ, ऑडीचं एओ ही त्याच जातीची चिन्हं.

केमनचं इंजिन सीटच्या मागे असल्याने वजन मागच्या चाकांवर जास्त येतं. म्हणून पुढे २३५/३५ आणि मागे २६५/३५ असं माप आहे (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा, म्हणजे प्रोफाइल, साइडवॉलच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत). तुमचे पुढचे टायर एन खुणेचेच राहणार. मागे बिनखुणेचे घातले तर एका गाडीवर दोन स्वभावांचे टायर झाले. कोरड्या रस्त्यावर कदाचित जाणवणारही नाही. भर पावसात घाटाच्या वळणावर मागची पकड पुढच्याआधी सुटली, तर मात्र सावरायला वेळ मिळत नाही. बिनखुणेचे घ्यायचेच असतील तर चारही एकाच वेळी, एकाच नावाचे घ्या. गाडी वॉरंटीत असताना तसं करण्याआधी टायरबद्दलची अट सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागवा. काउंटरवरचं तोंडी ‘चालेल’ पुढे कामाला येत नाही.

तरीही याचा अर्थ टायर सर्व्हिस सेंटरमधूनच घ्यायला हवा असा नाही. एन खुणेचा टायर पोर्शे बनवत नाही, टायर कंपनीच बनवते. त्यामुळे त्या टायर कंपनीच्या अधिकृत दुकानात ‘एन खुणेचाच हवा’ असं सांगून भाव विचारा. दोन्हीकडून फोड करून घ्या : टायर, फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल जुळवणं), जीएसटी. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने काढलेलं कोटेशन हातात असेल तर नवं मागा. अशी फोड केली की कित्येकदा दिसतं की टायरच्या भावात फरक थोडाच आहे, बाकी सगळा मजुरीत आहे.

पैसे देण्याआधी टायर स्वतः हातात घेऊन वाचा. तुमच्या गाडीला पुढे ८८ आणि मागे ९५ हा भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, लागतो आणि त्याला लागून वाय, दोन्ही मिळून कंसात. कंसातला वाय म्हणजे ताशी ३०० किमीच्या वरचा वेग. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर उलटून पाहा. एक वर्षाच्या आतला असेल तर उत्तम. दोन वर्षांहून जुना टायर नव्याच्या भावात घेऊ नका. आणि आयएसआय खूण पाहा. जून २०२० पासून टायरच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे ही मापं मिळायला वेळ लागतो आणि मागच्या दाराने आलेला मालही बाजारात फिरतो. आयएसआय नसलेला टायर कितीही स्वस्त असला तरी परत करा. त्यात दोष निघाला तर वॉरंटी कोण देणार?

आता मूळ दुखणं. आतली कड घासते त्याला टायर कारण नाही, अलाइनमेंट आहे. या गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली असतात, तेवढी थोडी झीज होतेच. पण ‘टो’ बिघडला असेल, म्हणजे चाकाचं तोंड सरळ रेषेतून सरकलं असेल, तर चाक रस्त्यावर फरफटत जातं आणि कड काही हजार किलोमीटरमध्येच संपते. बाहेरून टायर ठणठणीत दिसतो आणि आत तारा उघड्या पडलेल्या असतात. दर महिन्याला मोबाइलचा कॅमेरा चाकामागे धरून आतल्या कडेचा फोटो काढा. नवे टायर बसवून, हवा बरोबर भरून, मग अलाइनमेंट करा. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद घेतल्याशिवाय निघू नका. हे काम आम्ही सर्व्हिस सेंटरकडेच सोपवू. तिथे तुमच्या मॉडेलचे आकडे असतात आणि अशी ठेंगणी गाडी चढेल असा रॅम्पही असतो.

प्रश्न (ठाणे) : बीएमडब्ल्यू एम३४०आय. खड्ड्यात आदळून मागच्या डाव्या टायरला फुगा आला. टायर निम्मे झिजले आहेत. टायरवाला म्हणतो एकच बदला, सर्व्हिस सेंटर म्हणतं चारही बदला. एवढ्या टोकाची उत्तरं का?

उत्तर : फुगा म्हणजे साइडवॉलमधले धागे तुटले. त्याला दुरुस्ती नाही, आणि त्या टायरवर एक्स्प्रेसवेला जाऊ नका.

तुमच्या गाडीत चारही चाकांना ताकद जाते, त्यामुळे चारही चाकांचा घेर जवळपास सारखा असावा लागतो. आकड्यांतच पाहा. २५५/३५ आर १९ (१९ इंची रिमच्या) टायरचा व्यास सुमारे ६६१ मिमी. एका टायरची नक्षी दुसऱ्यापेक्षा ३ मिमी जास्त असेल तर व्यासात ६ मिमी, म्हणजे जवळजवळ एक टक्का फरक. मोठा टायर तेवढ्याच अंतरात कमी फेऱ्या मारतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्यातला, म्हणजे ट्रान्सफर केसमधला क्लच ती तफावत भरून काढताना सतत घसरत, तापत राहतो. ट्रान्सफर केस उघडायची वेळ आली तर टायरमध्ये वाचवलेले पैसे त्यात कुठच्या कुठे जातील.

नक्षीची खोली मोजण्याची पट्टी घ्या. प्रत्येक टायरवर आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. नव्या टायरची खोली ७ ते ८ मिमी असते. पुढच्या टायरवर ५ मिमीच्या वर शिल्लक असेल तर मागची जोडी बदलून आम्ही थांबू. ४ च्या आसपास असेल तर चारही. एकच टायर कधीही नाही. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं खरं, पण एवढे रुंद टायर पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली पाणी कापत नाहीत, तरंगायला लागतात.

टायर उतरवल्यावर रिमची आतली कड बघून घ्या. खड्ड्याचा मार तिथेच बसतो. बॅलन्सिंगच्या यंत्रावर टायर न लावता नुसता रिम फिरवायला सांगा, वाकलेला असेल तर डोळ्यांना दिसतो. बारीकशी वाकडी कड सरळ करता येते. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

विम्याचंही पाहा. साध्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरत नाहीत. त्याच आघातात गाडीचं इतर नुकसान झालं असेल तर टायर धरतात, पण ५० टक्के घसारा कापून. टायरचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर काहीही काढण्याआधी फोटो आणि विमा कंपनीला कळवणं, या क्रमाने जा.

प्रश्न (नाशिक) : शहरात माझ्या गाडीचं सर्व्हिस सेंटर नाही. मुंबईला न जाता इथल्याच दुकानात लो-प्रोफाइल टायर बसवायचे तर दुकान कसं पारखावं?

उत्तर : पाटी बघू नका, यंत्र बघा. टायर बसवण्याचं यंत्र लिव्हर न लागणारं असावं, आणि रिमला टेकणाऱ्या भागावर प्लास्टिकचं आवरण असावं. ३५ प्रोफाइलचा ताठ टायर लोखंडी लिव्हरने चढवला की रिमच्या कडेवर ओरखडा ठरलेला. टायर दाबून ठेवणारा मदतीचा हात यंत्राला आहे का, हेही पाहा. तो नसला की दोघेजण वर चढून गुडघ्याने दाबतात आणि टायरची बीड, म्हणजे रिमवर बसणारी तारेची कड, फाटते. ती हवा हळूहळू सोडते आणि दोष रिमला दिला जातो.

दुसरी नाजूक गोष्ट म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर. तो व्हॉल्व्हच्या मागे, रिमच्या आत बसलेला असतो. जुना टायर रिमपासून सोडवताना यंत्राचा फाळ व्हॉल्व्हच्या जवळ लावला की सेन्सर मोडलाच. कामाला हात लावण्याआधी कारागिराला विचारा, ‘सेन्सर आहे, फाळ कुठे लावणार?’ तो लगेच ‘व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला’ म्हणाला तर काम त्याच्या हातात द्या. प्रश्नच कळला नाही तर गाडी वळवा. सेन्सरची सील आणि व्हॉल्व्हची आतली सुई प्रत्येक वेळी नवी घालावी. खर्च किरकोळ आहे.

टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच यायला हवी. बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने. चुका इथेच जास्त होतात आणि दुकानातून बाहेर पडण्याआधी दहा सेकंदांत पकडता येतात. बॅलन्सिंगची वजनं ठोकायची नकोत, रिमच्या आत चिकटवायची हवीत.

शेवटी बोल्ट. हवेच्या गनने करकचून आवळले आणि झालं, असं चालणार नाही. गनने नुसते टेकवायचे, मग गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. हा जोर बीएमडब्ल्यूला बहुतेक मॉडेलांवर १४० न्यूटन-मीटर, पोर्शेच्या पाच बोल्टवाल्या चाकांना १६०. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून फोटो काढून न्या. ५० ते १०० किमी चालवून पुन्हा तपासा. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून असलेल्या लॉकच्या बोल्टची चावी दुकानात विसरते, ती मोजून परत घ्या.

जॅक लावण्याच्या जागी रबरी ठोकळा हवा. सिरॅमिक ब्रेक असतील तर चाक काढताना हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) मार्गदर्शक पिना घालाव्या लागतात, नाहीतर चाक घसरून डिस्कवर आदळतं आणि टवका उडतो. अशा डिस्कची किंमत टायरच्या पूर्ण संचापेक्षाही जास्त असते. पिना नसलेल्या दुकानात ही गाडी द्यायचीच नाही.

प्रश्न (नागपूर) : समृद्धी महामार्गावर नेहमी जातो. टायरवाला नायट्रोजन भरा म्हणतो. पंक्चर झालं तर डिकीतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) वापरू का?

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळाला तर भरा, त्यासाठी लांब जाऊ नका. दाब मात्र सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे ठेवा. उन्हाळ्यात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. टायर थंड झाल्यावर तो दाब कमी भरेल, आणि कमी दाबाचा टायरच १२० च्या वेगाला आतून तापून फुटतो.

सीलंट अडचणीत वापराच, पण ते सर्व्हिस सेंटर किंवा दुकान गाठेपर्यंतच, कमी वेगात. टायर उघडल्यावर सेन्सर पुसायला सांगा. खिळा नक्षीच्या मध्यभागी असेल आणि भोक ६ मिमीच्या आत असेल तर आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं ठिगळ) होतो. खांद्याजवळ (नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे) किंवा साइडवॉलला असेल तर टायर बदला. बाहेरून दोरी खुपसून केलेलं पंक्चर या वेगाच्या गाडीवर तात्पुरतंच समजा.

प्रश्न (मुंबई) : ९११ जीटी३, मधोमध एकच मोठा नट. बाहेरचा टायरवाला तयार आहे. द्यावी का?

उत्तर : नाही. तो नट ६०० न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो, त्यासाठी एकाने आत बसून ब्रेक दाबून ठेवावा लागतो आणि आट्यांवर ठरावीक पेस्ट लागते. डाव्या बाजूचे नट लाल, उजव्या बाजूचे निळे, त्यांची अदलाबदल करायची नाही. नटाच्या मधला लॉक बाहेर येऊन नीट बसला आहे याची खात्री करावी लागते. चाकं उतरवणं-चढवणं सर्व्हिस सेंटरलाच करू द्या. टायर बाहेरून घेतले असतील तर ते बसवून देणार का आणि मजुरी किती, हे टायर घेण्याआधी विचारून ठेवा. नवे टायर आल्यावर पहिला दिवस जोरात ब्रेक किंवा झेप नको. बसवताना लावलेली पेस्ट ओली असते, टायर रिमवर सरकतो आणि केलेलं बॅलन्सिंग वाया जातं. पहिले २०० ते ३०० किमी बेताने चालवा, ट्रॅकवर त्यानंतर न्या.