सहाशेवर थांबलेला भागाकार

प्रश्न : २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ संख्या मानली होती, असे वाचनात आले. मी ६०० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहिले. दर वेळी बाकी उरली. मग ती मूळ नाही, असे का म्हणतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण थोडे पुढे गेला असता, तर ६४१ ने तिला निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो, हे आपल्याला दिसले असते. एरवी एवढी मोठी संख्या मूळ ठरवायची, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ६५,५३६ पर्यंतच्या, ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतात.

फर्माची समजूत अगदीच निराधार नव्हती. २ चा घातांक १, २, ४, ८ आणि १६ घेऊन १ मिळवल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्याच मिळतात. पुढेही असेच घडेल, हा त्याचा अंदाज १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने ६४१ हा विभाजक दाखवून मोडीत काढला. या मालिकेत त्यानंतरची मूळ संख्या आजवर एकही सापडलेली नाही.

६४१ वर पोहोचण्याची वाट मोठी सुरेख आहे. एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला भागत असेल, तर तिने २ च्या ३२ व्या घाताला भागल्यावर बाकी उणे १ राहते, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. म्हणून ६४ व्या घाताची बाकी १ होते, आणि ६४ हाच असा सर्वांत लहान घातांक ठरतो. दुसरीकडे, त्या मूळ संख्येहून १ ने कमी असलेला घातांक घेतला तरी बाकी १ च राहते. तेव्हा त्या घातांकाला ६४ ने भाग गेलाच पाहिजे, म्हणजे विभाजक ६४ च्या पटीहून १ ने मोठा असला पाहिजे. (यातला दुसरा नियम फर्माचाच, त्याच्याच प्रमेयाने त्याचा अंदाज पाडला!) अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. आपण केलेल्या १०९ भागाकारांपैकी चारच आवश्यक होते.

मोठा भागाकार न करताही पडताळा घेता येतो. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. म्हणून ५ आणि २ चा ७ वा घात यांच्या गुणाकाराची बाकी उणे १, आणि त्या गुणाकाराच्या चौथ्या घाताची बाकी १. त्यात ५ चा चौथा घात ६२५ आहे, म्हणजे ६४१ उणे १६. त्याच्या जागी उणे १६ ठेवले की २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ मिळते.

६७,००,४१७ ही मात्र मूळ संख्या आहे. तिचे वर्गमूळ २,५८८ च्या किंचित पुढे आहे आणि तिचा विभाजकही वरच्याच प्रकारचा असायला हवा. पहिल्या चार संख्या आपण तपासल्याच आहेत, आता ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३ या सातच उरतात.