नीटचा तिसरा प्रयत्न आणि माळ्यावरची वही

(कोथरूडच्या एका वडिलांचं पत्र. मुलीने नीट दोनदा दिली, सरकारी एमबीबीएस दोन्ही वेळा हुकलं. बारावीला 81 टक्के, रसायनशास्त्रात 94. आता तिला बी.एस्सी. करून वनस्पतींतल्या अल्कलॉइडवर, म्हणजे औषधी परिणाम करणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांवर, संशोधन करायचंय. 'यात भविष्य काय? निदान बीएएमएसला तरी तिला तयार करा,' असं ते म्हणतात.)

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात गुणांचा हिशोब बराच आहे. मी थांबले ते शेवटच्या ओळींपाशी. 'हल्ली ती आमच्याबरोबर जेवायला बसत नाही, रात्रभर जागीच असते, पण तिसऱ्या प्रयत्नाचं टेन्शन असणारच.' असणारच? पोरीची वनस्पतींची वही तुम्ही परीक्षा होईपर्यंत माळ्यावर टाकलीत, मोबाइल काढून घेतलात, हे पत्रही तिला न सांगता लिहिलंत. आणि कारण काय, तर क्लासची फी भरून झालीय. फी गेली असं समजा. एकोणीस वर्षांच्या मुलीचं आणखी एक वर्ष त्या पावतीपायी घालवू नका.

करिअरचं नंतर बघू. आधी नीटचा विषय न काढता तिच्याशी बोला. झोप-जेवण लवकर सुधारलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं, तिलाही आणि तुम्हालाही.

आता बीएएमएस. 'तिची झाडपाल्याची हौसही भागेल आणि नावामागे डॉक्टरही लागेल,' हा तुमचा तोडगा मी बऱ्याच घरांत ऐकते. बीएएमएस झालेल्या माणसाने रुग्ण तपासायचे असतात. तुमच्या मुलीला रुग्ण नकोत, रेणू हवेत. या कामात पानं वाळवून कुटायची, आम्लाच्या पाण्यात अल्कलॉइड उतरवायचं, मग अल्कली घालून ते क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घ्यायचं, कॉलम लावून मिश्रणातले घटक वेगळे करायचे, वेगळा झालेला एकेक भाग टीएलसीच्या पट्टीवर तपासायचा आणि शेवटी हाती लागलेल्या काही मिलिग्रॅमच्या रेणूची रचना एनएमआर यंत्राच्या आलेखावरून उलगडायची. दारातल्या सदाफुलीत रक्ताच्या कर्करोगावर चालणारं व्हिन्क्रिस्टिन असतं, पण टनभर वाळलेल्या पानांतून ते निघतं जेमतेम काही ग्रॅम. हे सगळं रसायनशास्त्र आहे, आणि तिचे 94 त्यातच आहेत. ते तुम्ही पत्रात कंसात लिहिलेत!

भविष्याचं विचारलंत म्हणून सांगते. रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड वेगळं केलं, ते 1966 साली प्रसिद्ध झालं. पुढे हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडातही सापडलं. नरक्याच्या तस्करीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या यापायीच. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या कर्करोगावरच्या औषधांना अमेरिकेत मंजुरी मिळाली 1996 साली. मधे तीस वर्षं गेली. हा वेग ज्याला सोसवत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, आणि हे तिलाही स्पष्ट सांगा.

पैशाचंही तसंच. जेआरएफ ही पीएच.डी.साठीची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 आणि घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात. कायमच्या जागा थोड्या, कित्येकजण औषध किंवा सुगंधी द्रव्यांच्या कंपन्यांकडे वळतात. तिशीच्या आत फ्लॅट होणार नाही. हिंजवडीतल्या भाच्याशी तुलना करायची असेल तर आत्ताच करून घ्या, नंतर दर दिवाळीला नको.

वाट नेहमीचीच: रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन किंवा विद्यापीठातून एम.एस्सी., जेआरएफसाठी नेट परीक्षा, पीएच.डी. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची बारावीनंतरची आयएटी ही प्रवेशपरीक्षाही आहे, फक्त बारावी होऊन किती वर्षं चालतात ते आधी बघा. पाषाणची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आणि आघारकर संशोधन संस्था तर घराजवळच आहेत. विज्ञान दिनाच्या सुमारास एनसीएल सर्वांसाठी खुली असते तेव्हा तिला जाऊ द्या. एकटीला. प्रश्न तिचे तिला विचारता येतील.

बी.एस्सी.चा फॉर्म तिने भरावा, तुम्ही फक्त फी भरा. आणि वही आजच खाली काढा.