गरम झाल्यावर न लागणारी गाडी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दुधाची गाडी पहाटे चारला एका सेल्फवर लागते, पण तिसऱ्या गावच्या डेअरीसमोर कॅन चढवेपर्यंत पंधरा मिनिटं बंद राहिली की काही केल्या लागत नाही. तासाभराने पुन्हा लागते, तोवर दूध उन्हात. मालक म्हणतो डिझेलचा पंप उतरव, आणि तू विचारतोस की उतरवू का. अजून नको. रोटरी पंप आहे आणि गाडी जुनी आहे म्हटल्यावर संशय पंपावरच जातो, माझाही जातो. पण संशयावर माणसाचे हजारो रुपये खर्च करायचे नसतात.

आधी एक नीट समजून घे. डिझेल इंजिनाला गरमपणा आवडतो. हवा दाबून तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन आधीच गरम असेल तर हे काम आणखी सोपं. म्हणून कॉम्प्रेशन कमी झालं किंवा थंड इंजिनात हवा तापवणारे हीटर प्लग गेले, तर गाडी पहाटेच रडते. तुझी पहाटे हसत लागते. म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह, हीटर यांच्यामागे तूर्त लागू नकोस. उष्णतेने या गाडीचं काहीतरी हिरावून घेतलंय, आणि घेण्यासारख्या गोष्टी दोनच : सेल्फचा वेग नाहीतर नोझलपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत, पोचणारं डिझेल. फक्त इंजिन पाणी उकळेपर्यंत तापलेलं नाही ना, तेवढं काट्यावर बघून घे. तसं असेल तर तो आजार वेगळा.

तर गाडीबरोबर स्वतः जा. गॅरेजात थंड गाडीसमोर उभं राहून गरमचा आजार सापडत नाही. तिसऱ्या गावात ती अडली की ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांग आणि तू मागे सायलेन्सरच्या तोंडाशी उभा राहा. पांढरा धूर येतोय का? येत असेल तर डिझेल आत जातंय, फक्त पेटत नाही. मग आधी सेल्फचा वेग बघ. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. या दोन मिनिटांनी अर्धं काम होतं.

सेल्फ जड वाटला तर कानावर विश्वास ठेवू नकोस, मीटर लाव. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्क्यांनी वाढतो. साठ अंश तापलं की जवळजवळ पाव वाढ. सकाळी कशीबशी चालणारी कुजकी केबल दुपारी हात वर करते ती यामुळे. सेल्फ फिरत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. बारा व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर केबल आणि तिच्या टोकाचे लग सोडून साफ कर. तेच मायनसकडून : बॅटरीचा मायनस खांब आणि इंजिनाचा ब्लॉक. ही दुसरी बाजू विसरू नकोस. मी विसरलो होतो. तुझ्याएवढा असताना एका भाजीच्या गाडीचा पंप मी संशयावर उतरवला, पंपवाल्याकडून सगळं नवीन भरून आणलं, आणि गाडी पुन्हा त्याच बाजारात अडली. चेसिसची मायनसची, म्हणजे अर्थिंगची पट्टी गंजून तिच्या दोन-चार तारा उरल्या होत्या. मजुरी मी परत केली, पण पंपाचे पैसे त्या माणसाचे गेले ते गेलेच. तो चेहरा अजून आठवतो.

सेल्फ जोमात फिरतोय आणि धूर नाही, तर पंपाकडे ये. पण पंपावर बसलेलं, किल्लीवर डिझेल चालू-बंद करणारं स्टॉप सोलेनॉइड आधी. किल्ली ऑन-ऑफ केली की त्याची टिक ऐकू यायला हवी. गरम असताना ऐक, थंड असताना ऐकून उपयोग नाही. टिक नसेल तर बॅटरीवरून थेट एक वायर त्याला देऊन बघ. तेवढ्याने लागली तर दोष वायरिंगचा. तरीही टिक नसेल तर ते खोलून आतली सरकणारी पिन, म्हणजे प्लंजर, आणि स्प्रिंग काढ, परत बसव आणि सेल्फ मार. लागली तर कॉइल गरम होऊन दगा देतेय. एवढं मात्र लक्षात ठेव, प्लंजर काढलेली गाडी किल्लीने बंद होत नाही. गिअरमध्ये ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडून ती बंद करावी लागते. ड्रायव्हरला आधी सांगून ठेव आणि गाडीपुढे कुणाला उभं राहू देऊ नकोस.

हे झाल्यावरच ओलं फडकं. पंपावर पाणी मारलं की गाडी लागते, हे प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला माहीत असतं आणि ते खरं आहे. पंपात फिरणारा दांडा म्हणजे रोटर आणि त्याभोवतीचं घर म्हणजे हेड, यांच्यामधली फट काही मायक्रॉनची असते. केस त्यापेक्षा कितीतरी जाड. ती फट घासून वाढली की तापून पातळ झालेलं डिझेल त्यातूनच मागे पळतं. त्यात सेल्फवर इंजिन मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे फिरतं आणि पंप त्याच्या निम्मे, म्हणजे गळायला भरपूर वेळ. एकदा लागली की पंप वेगात फिरतो, गळतीला वेळ मिळत नाही, म्हणून तीच गाडी भरल्या लोडने घाट चढते आणि मालकाला वाटतं पंप ठणठणीत आहे. बंद केल्यावर वारा थांबतो, ब्लॉकची उष्णता पंपात चढत राहते, म्हणून लगेच मारली तर लागेल आणि पंधरा मिनिटांनी अडेल. तुझ्या डेअरीचं गणित हेच दिसतंय.

पण बादली ओतायची नाही. तापलेल्या पंपावर एकदम गार पाणी पडलं की बाहेरचं हेड आकसतं आणि आतला रोटर जाम होऊ शकतो. चालू इंजिनावर तर कधीच नाही. फडकं भिजवून, पिळून पंपाच्या हेडवर गुंडाळ, दोन-तीनदा बदल, दहा मिनिटं थांब. आता लागली तर पंप झिजलाय असं म्हणायला जागा आहे. मात्र सोलेनॉइडही पंपावरच बसलेलं असतं, फडक्याने तेही गार होतं. म्हणून तर ते आधी तपासायला सांगितलं. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ आहेत आणि मग नवा पंप बसवूनही गाडी तशीच राहते.

डिझेलच्या लाइनीत एअर शिरतेय का तेही बघून टाक : फिल्टरवरची तांब्याची वॉशर, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारे रिटर्नचे रबरी पाईप. मात्र एअर पकडणारी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर जास्त त्रास देते, तुझी देत नाही. तिथे दिवस घालवू नकोस.

नोझलचा नट सैल करून डिझेल येतंय का बघशील, त्या वेळी बोट जवळ नेऊ नकोस. त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं; जखम सुईएवढी दिसते आणि हात जायची वेळ येते. असं कधी झालं तर दुखायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि हवेच्या वाटेत पेटणारा स्प्रे मारून चालू करायचा नाद नको, हीटर प्लगच्या गाडीला तर मुळीच नको.

पंपच निघाला तर मालकाला खरं सांग : हेड-रोटर बदलावं लागेल, नुसतं सील किट टाकून आणि पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर फिरवून हा आजार जात नाही. पंपवाल्याला चिठ्ठी दे, त्यात लिही की गरम डिझेलवर सेल्फच्या वेगाने डिलिव्हरी बघा. थंड डिझेलवर वेगात सगळे पंप पास होतात. त्याच्याकडे पैसे जमेपर्यंत टाकी भरलेली ठेवायला सांग. रिटर्नचं गरम डिझेल थोड्या डिझेलात पडलं की सगळी टाकी तापते, भरलेल्या टाकीत तेवढी नाही. रॉकेल मिसळत असेल तर ते आज बंद. पंपाला वंगण डिझेलचंच असतं आणि रॉकेल त्याहून पातळ.

उद्या पहाटे गाडीबरोबर निघ. वहीत लिही : किती मिनिटं बंद होती, धूर होता की नव्हता, प्लसकडचा आणि मायनसकडचा व्होल्टेज, टिक आली का, फडक्यानंतर किती सेल्फला लागली. तो कागद मला पाठव, मग पंपाचं बोलू.

तुझा,
मिस्त्रीकाका