१-इन-७ ट्विस्टच्या बॅरलमधून शिशाची ओतीव गोळी मारली तर ती हवेत फाटते का?

तुमचा भाऊ टेक्सासला आहे, त्याच्याकडे १-इन-७ ट्विस्टची (म्हणजे बॅरलच्या खाचा ७ इंचात गोळीला एक फेरा देतात अशी) .२२३ रायफल आहे, त्याला घरी शिशाच्या गोळ्या ओतून वापरायच्यात आणि तिकडचे लोक सांगतायत की एवढ्या ट्विस्टमध्ये शिसं फाटतं, असा एकूण प्रश्न आहे ना? फाटत नाही. नेम बिघडतो, हे मात्र खरं, पण त्याचं कारण वेगळंय.

मी भोसरीला डायकास्टिंगमध्ये आहे आणि सुट्टीला बालेवाडीच्या रेंजवर जातो, त्यामुळे ओतकामाबद्दल जरा जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

आधी ते शिशाबद्दलचं भूत उतरवूया. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ते शिशाच्याच गोळ्यांनी, त्या इव्हेंटला नियमच तसा आहे, गोळी शिशाची किंवा तसल्याच मऊ धातूची पाहिजे. फक्त तिथलं बॅरल १-इन-१६ असतं, म्हणजे १६ इंच पुढे गेल्यावर गोळीचा स्वतःभोवती एक फेरा, आणि स्पीड साधारण १०५० फूट सेकंदाला. स्पीड गुणिले ७२० भागिले ट्विस्ट केलं की आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मिळतो, इथे तो येतो ४७ हजारच्या आसपास. आता अमेरिकेत लोक .२२३ च्या रायफलला कन्व्हर्जन किट लावून हीच .२२ ची साधी काडतुसं १-इन-७ बॅरलमधून मारतात, तिथे आरपीएम होतो १ लाख ८ हजार, आणि तरी गोळ्या अख्ख्या टार्गेटला जाऊन लागतात. मग फाटण्याची गोष्ट आली कुठून, तर पातळ तांब्याच्या जॅकेटवाल्या हलक्या शिकारी गोळ्यांवरून, त्या ३००० फुटाने १-इन-७ मधून मारल्या की आरपीएम ३ लाखावर जातो आणि त्यातल्या काही खरंच वाटेत उडतात. ऐकीव गोष्ट तिथून उचलली आणि शिशाला चिकटवली.

आता नेम का बिघडतो. गोळीचा भारमध्य आणि तिचा मधला अक्ष एकाच जागी नसेल, समजा २५ मायक्रॉन बाजूला आहे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, तर बॅरलमध्ये असेपर्यंत काही कळत नाही कारण बॅरलने तिला धरून ठेवलेलं असतं. तोंडाबाहेर पडली की तो भारमध्य गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा ज्या दिशेला चालला होता तिकडे निघतो. किती निघतो याचा हिशोब सोपा आहे, २ π गुणिले तो फरक, भागिले ट्विस्टची लांबी. १-इन-१६ ला १०० मीटरवर येतात साधारण ३९ मिलिमीटर, १-इन-१२ ला ५२, १-इन-१० ला ६२ आणि तुमच्या भावाच्या १-इन-७ ला ८८. गोळी तीच, दोष तोच, नुसतं बॅरल बदललं. (आमच्या ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि २५ मायक्रॉनचा दोष तिथे १९ मिलिमीटर बाहेर नेतो, तेव्हा मॅचची काडतुसं एवढी महाग का ते समजून घ्या.)

या हिशोबात स्पीड कुठेच येत नाही ते बघा. स्पीड वाढला तर फिरणं वाढतं पण टार्गेटपर्यंतचा वेळ तेवढाच कमी होतो, दोन्ही कटतात. ओतीव गोळ्यावाले १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजार आरपीएमच्या वर जाऊ नका म्हणतात आणि त्यावर तिकडे वर्षानुवर्षं हाणामाऱ्या चालू आहेत, मला विचाराल तर तो आकडा कामचलाऊ म्हणून ठीक, पण आरपीएम हा गुन्हेगार नाही. स्पीड वाढवायचा म्हणजे प्रेशर वाढवायचं, त्या प्रेशरने मऊ गोळी बॅरलमध्येच वाकडी बसते, आणि जो फरक २५ मायक्रॉन होता तो ५० होतो. त्यात १-इन-७ च्या खाचांचा तिरपेपणा .२२३ ला पावणेसहा अंशाच्या जवळ जातो, १-इन-१२ ला तो साडेतीनच्याही आत असतो. मऊ शिसं सुरुवातीला खाचेत वळण्याऐवजी सरळ घसरतं, बाजूने गॅस निसटतो, शिसं वितळून बॅरलला चिकटतं, आणि मग पुढची प्रत्येक गोळी त्या घाणीवरून जाते.

मुळात १-इन-७ हे बॅरल शिशासाठी केलेलंच नाही. अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलची सुरुवात १-इन-१४ ने झाली, मग १२ आला, आणि ए-टू मॉडेलला लांबुडक्या ट्रेसर (उडताना पेटून वाट दाखवणाऱ्या) गोळीसाठी ७ करावा लागला. ट्विस्ट लागतो तो गोळीच्या लांबीला. ग्रीनहिलचा १८७९ चा फॉर्म्युला अजून चालतो, १५० गुणिले व्यासाचा वर्ग भागिले लांबी, सगळं इंचात. .२२४ व्यासाची (.२२३ रायफलची गोळी प्रत्यक्षात एवढीच असते) पाऊण इंच लांब गोळी धरली तर उत्तर १० येतं. म्हणजे ७ मध्ये तिला गरजेपेक्षा बरंच जास्त फिरवताय आणि दोष तेवढा मोठा करून घेताय.

ओतताना काय बघायचं ते आता. आमच्याकडे झिंकचा पार्ट वरून एकदम चकचकीत असतो आणि कापला की गेटजवळ ब्लोहोल निघतो, तसंच शिशातही जिथून धातू ओतला तिथे तो शेवटी गोठतो आणि आकसताना आत पोकळी सोडतो. पोकळी बरोबर मधोमध असेल तर फारसं बिघडत नाही, बाजूला असेल तर मेलात. म्हणून प्रत्येक गोळी वजन करून वेगळी काढायची, हलकी निघाली ती परत भांड्यात. बुडाची कड धारदार आणि पूर्ण भरलेली पाहिजे, कारण बॅरलमधून सगळ्यात शेवटी बूडच सुटतं आणि तिथे एक कोपरा गोल राहिला तर गॅस एका बाजूने आधी निसटून गोळीला ढकलतो. एअर रायफलवाली पोरं पेलेट काचेवर घरंगळवून बघतात, तेही करून बघा, वाकडी लगेच झोके खाते.

शुद्ध शिसं .२२३ ला नको, त्याची ब्रिनेल हार्डनेस (धातू किती कडक ते सांगणारं माप) ५ च्या आसपास असते. लायनोटाइपचा, म्हणजे जुन्या छपाई यंत्राचा धातू २२ पर्यंत जातो, त्यात १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील, आपल्या पेठांमधल्या छापखान्यांचे खिळेही याच घराण्यातले. बुडाला तांब्याचं गॅस चेक, म्हणजे गॅस अडवणारी छोटी वाटी, लावाच. आणि व्यास .२२५ ठेवा, बॅरलच्या खाचांमधल्या व्यासापेक्षा एक हजारांश इंच जास्त, हार्डनेसच्या मागे लागून लोक हे माप विसरतात आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. शिसं वितळवताना खिडक्या उघड्या, हात धुतल्याशिवाय चहा नाही, आणि घरात लहान मूल असेल तर घरात अजिबातच नाही.

हे सगळं टेक्साससाठी बरं का. इथे पुण्यात कोणी वाचून उत्साहात येऊ नका, आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, मीही स्वतः ओतत नाही.

भावाला सांगा, १६०० फुटांच्या आसपास सुरुवात करायची (लोडचे, म्हणजे किती दारू भरायची त्याचे आकडे छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचे, माझ्याकडून किंवा कुणा परक्याकडून नाही) आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पसारा, मोठा आला तर आणखी कमी लोडवर यायचं, अर्थात मॅन्युअलच्या मर्यादेत. स्पीड कमी केल्यावर ग्रुप आवळला तर गोळी बॅरलमध्ये वाकडी होत होती, मिश्रधातू कडक करा नाहीतर त्या कमी स्पीडवरच राहा. स्पीड उतरवूनही ग्रुप तेवढाच राहिला तर आधी मोल्ड आणि ओतकाम तपासा, ती गोळी बॅरलमध्ये शिरायच्या आधीपासूनच वाकडी असणार.